टेस: दोन प्रतींत दोन पाठ, वाचायचा कुठला?

शब्दवेल्हाळ:
थॉमस हार्डीच्या 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स'च्या दोन प्रती जुळत नाहीत. एकीत दहाव्या प्रकरणात चेझबरो गावातला नाच आहे, गवत आणि पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुरळ्यातला. दुसरीत तो नाहीच. शिवाय एका लेखात म्हटलंय की एंजल, म्हणजे नायिका टेसचा पुढे होणारा नवरा, गवळणींना हातगाडीत बसवून पाण्यापलीकडे नेतो. दोन्ही प्रतींत तर तो उचलून नेतो! वाचनगटासाठी एकच पाठ ठरवायचाय. कुठला घ्यावा?

पानगळ:
हातगाडी 'ग्राफिक' साप्ताहिकातली. तिथे कादंबरी जुलै ते डिसेंबर १८९१ क्रमशः आली. त्याआधी बोल्टनच्या टिलटसन कंपनीने करार केला होता, पण पहिला भाग वाचून माघार घेतली. मग 'मरेज मॅगझिन' आणि 'मॅकमिलन्स मॅगझिन' दोघांनीही नकार दिला. साप्ताहिकं घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली जायची, त्यामुळे हार्डीने स्वतःच काटछाट केली. टेसला नासवणारा श्रीमंत तरुण अ‍ॅलेक तिथे तिच्याशी खोटं लग्न लावतो, टेसचं बाळ आणि त्याचा बाप्तिस्मा गायब, आणि एंजलच्या हातांऐवजी हातगाडी.

कापलेले दोन तुकडे त्याने वेगळे छापून आणले: बाप्तिस्मा 'फोर्टनाइटली रिव्ह्यू'त, नाच 'नॅशनल ऑब्झर्व्हर'मध्ये. वर्षअखेरीस तीन खंडांचं पुस्तक निघालं तेव्हा बाप्तिस्मा परत आला, नाचाची पानं मात्र राहून गेली. ती थेट १९१२च्या वेसेक्स आवृत्तीत जोडली (वेसेक्स म्हणजे हार्डीच्या कादंबऱ्यांतला काल्पनिक प्रदेश). हार्डीने तिथल्या प्रस्तावनेत तसं सांगितलंय.

मजकूरमापे:
म्हणजे तुमची नाच नसलेली प्रत १८९१च्या पाठावरची असणार. पेंग्विन क्लासिक्सची १९९८ची आवृत्ती अशीच आहे, पहिल्या तीन खंडांवर बेतलेली. पण पेंग्विनची जुनी प्रत १९१२च्या पाठाची असू शकते, त्यामुळे नुसतं प्रकाशकाचं नाव बघून मागवू नका. 'पाठाविषयी' टिपण वाचा. ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्समध्ये १९८३च्या क्लॅरेंडन या चिकित्सक आवृत्तीचा पाठ आहे: विरामचिन्हं मुख्यतः हस्तलिखितातली, शब्दांत हार्डीच्या नंतरच्या दुरुस्त्या घेतलेल्या.

टिपण नसलेली स्वस्त किंवा ई-प्रत असेल तर दहावं प्रकरण उघडा. नाच असला तर १९१२ किंवा नंतरचा पाठ. नसला तर अकरावं बघा: धुक्यात अ‍ॅलेक औषधाच्या बाटलीतलं काहीतरी टेसच्या तोंडात ओततो का? तसं असेल तर १८९१.

पानगळ:
ती बाटली फार मोठा फरक करते. १८९१मध्ये अ‍ॅलेकने तिला गुंगवलं असं सरळ दिसतं. पुढे हार्डीने बाटली काढली, आणि त्या रात्री चेझ नावाच्या रानात टेस आणि अ‍ॅलेकमध्ये नेमकं काय घडलं हे धूसर झालं. बलात्कार की फूस, हा वाद घालणारे पुष्कळदा दोन वेगळे पाठ हातात घेऊन भांडत असतात.

उत्तरायण:
गटासाठी माझं मत १९१२. नाच वगळला की तिथून परततानाच्या रात्रीच्या भांडणाआधीचं मद्य, घाम आणि चढलेली झिंग निसटते. टेस अ‍ॅलेकच्या घोड्यावर का बसते ते मग अर्धवटच कळतं. शिवाय हार्डीने १८९५पासूनच्या संग्रहित आवृत्तीसाठी वेसेक्सची ठिकाणं आणि अंतरं नकाशाशी जुळवून घेतली होती. कॅस्टरब्रिज म्हणजे डॉर्चेस्टर, सँडबोर्न म्हणजे बोर्नमथ, विंटनसेस्टर म्हणजे विंचेस्टर, हे नकाशावर ताडून वाचायचं तर जुना पाठ अधूनमधून चकवतो.

मजकूरमापे:
इथे मी वेगळा. १८९१च्या वाचकांनी कशावर गदारोळ केला हे बघायचं तर त्यांच्या हातातलाच पाठ हवा. 'अ प्युअर वुमन' हे उपशीर्षक हार्डीने अखेरची प्रुफं वाचल्यावर शेवटच्या क्षणी जोडलं, आणि वादाचं मूळ बऱ्याच अंशी तेच. तरी गटासाठी १९१२ चालेल. अकराव्या प्रकरणापुरता १८९१चा उतारा सोबत वाटा.

शब्दवेल्हाळ:
ठरलं, १९१२. पान क्रमांकांऐवजी प्रकरणं सांगत जाऊ, म्हणजे वेगवेगळ्या छपाया असल्या तरी अडणार नाही.