प्रतिसाद: यंत्र कर्जावर की भाडेपट्ट्यावर?

दाताच्या दवाखान्यासाठी खुर्ची, एक्स-रे आणि स्कॅनर एकाच मोठ्या कर्जातून घ्यावेत, असा सल्ला दिला जातो. मला ते पटत नाही. खुर्ची नीट सांभाळली तर बरीच वर्षं टिकते, ती कर्जावर घ्या. स्कॅनरचं तंत्र मात्र भराभर बदलतं, त्यामुळे तो भाडेपट्ट्यावर घेतलेला बरा. मुदतीनंतर परत करता येतो का, देखभाल कोणाकडे, हे करारात आधी वाचा.

व्याजाचा दर सांगतात तेव्हा तो फ्लॅट (पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर व्याज) की घटत्या शिलकीवरचा (फक्त फेडायच्या उरलेल्या रकमेवर व्याज), हे विचाराच. १० टक्के फ्लॅट दराने ५ वर्षांचं कर्ज घेतलं, तर घटत्या शिलकीच्या हिशेबाने ते सुमारे १७ टक्क्यांना पडतं! कित्येक डॉक्टर इथेच फसतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

आणखी एक. रुग्णांच्या विम्याचे पैसे उशिरा येतात, पगार आणि भाडं मात्र थांबत नाही. त्यासाठी खेळत्या भांडवलाची (रोजच्या खर्चाच्या पैशांची) वेगळी सोय, म्हणजे ओव्हरड्राफ्ट (खात्यात शिल्लक नसली तरी ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे काढायची सोय), हवीच. त्यात वापरलेल्या रकमेवरच व्याज लागतं. नवीन दवाखाना असेल तर यंत्रांच्या कर्जावर सुरुवातीचे काही महिने फक्त व्याज भरायची सवलतही मागून बघा.