कॅसेटच्या भिंतीलाच धूळ चिकटतेय, फिल्टरवर कमी येते, काय करावं?

फाउंड्री_शिरोली:
नमस्कार मंडळी, कोल्हापूरला फाउंड्रीत शेकआउट (साच्यातून कास्टिंग काढणं) आणि फेटलिंगवर (कास्टिंग घासून साफ करणं) सिलिकाच्या धुळीचं पर्सनल सॅम्पलिंग, म्हणजे कामगाराच्या अंगावर पंप लावून हवेचा नमुना घेणं, चालू आहे. १० मिमीचा नायलॉन सायक्लोन (जाडी धूळ आधीच वेगळी करणारा), पंपाचा फ्लो १.७ लिटर प्रति मिनिट, ३७ मिमीची पारदर्शक कॅसेट (फिल्टर धरणारी डबी), ५ मायक्रॉनचा पीव्हीसी फिल्टर. कॅसेट उघडली की आतल्या भिंतीला करडा थर, सायक्लोन आणि कॅसेटच्या मधल्या नळीतही तेच, आणि लॅब वजन करते फक्त फिल्टरचं. म्हणजे कामगाराच्या छातीत जातंय त्यातलं काही रिपोर्टमध्ये येतच नाही, हे मला अजिबात पटत नाही. थर कमी कसा करायचा?

लॅबवाली_ताई:
बहुतेक स्टॅटिक आहे दादा, त्यात हिवाळ्याची कोरडी हवा. साधं प्लॅस्टिक चार्ज धरतं आणि बारीक कण भिंतीकडे ओढले जातात. कार्बन मिसळलेली काळी कंडक्टिव्ह कॅसेट घ्या. नायलॉन सायक्लोनचंही तेच, ॲल्युमिनियमचा मिळाला तर बरा, पण त्याचा फ्लो वेगळा असतो, साधारण २.५ लिटर, तो १.७ वर चालवलात तर जाडे कणही फिल्टरवर येतील आणि रिडिंग उलट जास्त दिसेल. आणि मधली नळी आधी काढा, सायक्लोन थेट कॅसेटला बसवा, नळी फक्त कॅसेट ते पंप.

सेफ्टी_सांगली:
ताईंशी सहमत. शिवाय सायक्लोन चालू असताना किंवा काढताना कधीच उलटा करू नका, ग्रिट पॉटमधली (सायक्लोनच्या खालच्या भांड्यातली) जाडी धूळ सरळ फिल्टरवर पडते आणि ते सॅम्पल बाद. कामगाराला हे आधीच नीट समजावून सांगा, जेवायच्या सुट्टीत पंपाचा बेल्ट काढून टाकतात तेव्हाच हे होतं. पॉट प्रत्येक सॅम्पलनंतर रिकामा करायचा, सायक्लोन साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचा, ओलसर राहिला की पुढच्या वेळी धूळ आणखी चिकटते. फेटलिंगला धुळीचा लोड जास्त असतो, फिल्टरवर २ मिग्रॅच्या वर जाऊ देऊ नका, लागलं तर अर्ध्या शिफ्टला कॅसेट बदला.

फाउंड्री_शिरोली:
नळी आजच काढतो, कॅसेटची ऑर्डर पण टाकतो. पण एवढं करूनही भिंतीवर थोडं राहिलंच तर ते सोडून द्यायचं का?

लॅबवाली_ताई:
नाही, सोडायचं नाही! सायक्लोनमधून पुढे आलेली धूळ आहे ती, म्हणजे सॅम्पलचाच भाग. फिल्टरला जोडलेली आतली कॅप्सूल मिळते, धूळ तिच्यातच राहते आणि कॅप्सूलसकट वजन होतं. फक्त लॅबला आधी विचारा, कारण सुरुवातीचं वजनही कॅप्सूलसकटच घ्यावं लागतं, नंतर सांगून उपयोग नाही.