दुखण्यात देव जवळ आल्यासारखं कधी वाटलं? लिहा ना

नगरची_माई
जय ख्रिस्त मंडळी. काल भाचा शहाळी घेऊन आला आणि सगळं डोळ्यांपुढे आलं. डायलिसिसच्या काळात आमच्याकडे शहाळ्याला बंदी होती, पोटॅशियममुळे. साधं पाणीसुद्धा मोजून. हे सकाळी बाटली भरून ठेवायचे, गोळ्याही त्यातल्याच पाण्याने. फारच कोरड पडली तर बर्फाचा खडा गालात धरायचा.

त्या उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) पाळकसाहेबांनी येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांतला पाचवा यांना बोलायला दिला, "मला तहान लागली आहे". फिस्टुलाचा हात (डायलिसिसच्या सुया टोचायला शीर जोडून घेतलेला) सांभाळत उभे राहिले. म्हणाले, विहिरीवरच्या बाईला जिवंत पाणी देऊ करणाऱ्यालाच घसा कोरडा पडल्याचं सांगावं लागलं. माझी तहान त्याला समजावून सांगावी लागत नाही. एवढं बोलून बसले.

आजार गेला नाही, पुढे हेही गेले. पण तेव्हापासून घरच्या प्रार्थनेत "बरं कर"च्या आधी "तू आहेस ना" यायला लागलं. तुमचंही लिहा.

पिंपरीकर७
माई, ऑफिसात वाचलं, डोळे भरून आले. रात्री लिहितो.

वसईची_थोरली
कुकर लावलाय, घाईत लिहिते. सासूबाईंचा कॅन्सर. क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेत पाचव्या स्थानी सिमोन येतो ना, रानातून घरी निघालेला, शिपायांनी धरून खांद्यावर क्रूस दिला. माझंही तसंच, मला कोणी विचारलं नव्हतं. रात्री दोनला त्यांची कूस बदलायची, पाठ पुसून पावडर लावायची, मनात नुसता संताप. एका रात्री पावडर लावतानाच डोक्यात आलं, त्या गर्दीत येशूच्या इतकं जवळ दुसरं कोण चाललं होतं? संताप लगेच गेला नाही हं. शिट्टी झाली, येते.

मिरजेची_सिस्टर
वॉर्डात जन्म गेला म्हणून कळकळीने सांगते, आजाऱ्याच्या उशाशी बसून "तुमचा विश्वास कमी पडतोय" म्हणू नका. बायबलमधल्या दुखणाईत ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर छान होतं. बोलायला लागले आणि बिघडलं. शेवटी देव रागावला तो त्यांच्यावरच.

पिंपरीकर७
+१ सिस्टर. आमच्या मावशीला एकाने तेलाची बाटली देऊन औषधं बंद करायला सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही, देवाची कृपा.

माई, जरा वेगळं विचारतो. बाबांचं क्रिएटिनिन (किडनीच्या रक्ततपासणीतलं) वाढलंय. भाज्या कशा करायच्या?

नगरची_माई
चिरून भरपूर पाण्यात उकळ, ते पाणी ओतून दे, मग फोडणी. आणि ते कमी सोडियमवालं मीठ आणू नकोस, त्यात पोटॅशियम असतं. बाकी डॉक्टरांना विचारून. बाबांचं नाव प्रार्थनेत घेते.

अबोल
लिहू की नको कळत नाही. आमचं बाळ गेलं. पाळणा अजून माळ्यावर आहे. मला देव जवळबिवळ वाटला नाही, आजही वाटत नाही. चर्चला जाते, मागच्या बाकावर बसते.

नगरची_माई
बरं केलंस लिहिलंस, बाळा. बस मागेच. ८८ वं स्तोत्र वाच जमेल तेव्हा. अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. तरी ते शास्त्रात ठेवलंय, आणि सगळी तक्रार देवाच्याच तोंडावर आहे.

वसईची_थोरली
अबोल, व्यनि (खाजगी निरोप) बघ. नंबर दिलाय. मी रात्री जागीच असते, कधीही कर.

केडगावकर
आमची पणजी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, म्हणून रमाबाईंचं नाव आमच्या घरात सारखं निघतं. आईवडील दुष्काळात गेले, नवरा १८८२ मध्ये, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. तरी बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही, १९२२ च्या एप्रिलमध्ये स्वतः जाईपर्यंत तेच चालू होतं. पण दुःख गोड मानून घ्या असं त्या कुणाला सांगत बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. स्वतः उपाशी वणवण केलेली बाई ती. मला तर त्यांची देवाशी जवळीक तिथेच दिसते.

पिंपरीकर७
केडगावला यायचं मनात आहे कधीचं. पुण्याहून कसं पडतं?

केडगावकर
दौंडची लोकल धरा, केडगावलाच उतरा. आईबाबांनाही आणा, फक्त आधी कळवा.