शेवट माहीत असतानाही वाचवते, तीच खरी कादंबरी?

घाटमाथा
ऐतिहासिक, सामाजिक, रहस्य, भय, विज्ञान अशा सगळ्या प्रकारच्या कादंबऱ्या मी मनापासून वाचल्या आहेत. त्यातल्या एकाही प्रकाराची मला लाज वाटत नाही. पण परत कुठल्या उघडाव्याशा वाटतात हे बघितलं, तर माझी कसोटी एकच उरते: शेवट ठाऊक असूनही जी धरून ठेवते ती खरी.

'मृत्युंजय' (1967) घ्या. कर्णाच्या रथाचं चाक रुतणार, हे आपल्याला पुस्तक हातात घ्यायच्या आधीच माहीत असतं. तरी वाचतो, कारण शिवाजी सावंतांनी गोष्ट एकट्या कर्णाच्या तोंडी ठेवलेली नाही. कुंती बोलते, वृषाली बोलते, शोण, दुर्योधन आणि शेवटी कृष्णही. 'बनगरवाडी'त (1955) तर उत्कंठा वाटावी असं काही घडतच नाही. कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा भरवतो, तालीम बांधून घेतो, मग दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. बस्स. पण दर वाचनात मला आनंदा रामोशी आधीपेक्षा जास्त आवडतो.

रहस्यकथेचं तसं नाही. खुनी कळला की मामला खलास. बाबुराव अर्नाळकरांबद्दल आदर आहेच, पण परत वाचवत नाहीत.

झुंजारमामा
ही निवांत माणसाची कसोटी झाली. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या वाचकाला जुनी परत उघडायची गरजच नव्हती, पुढची तयार असायची. आणि तुम्ही म्हणता ते दुसरं वाचन तिथेही होतं, फक्त पुढच्या पुस्तकात. झुंजार तोच, काळापहाड तोच, त्यांची ऐट तीच. खुनी कोण हे चार दिवसांत विसरायला होतं, झुंजार विसरत नाही. ज्या लेखकानं गल्लोगल्लीच्या पोरांना वाचायची चटक लावली, त्याला 'परत वाचवत नाहीत' म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही.

रातराणी
मामा, रहस्याचं तुम्ही बघा, मी भयाचं बोलते. शेवट माहीत असला की भीती वाढते हो! नारायण धारपांची 'लुचाई' पहिल्यांदा वाचताना आपण पुढे काय होणार याच्या मागे धावत असतो. दुसऱ्यांदा दाराआड काय आहे ते आपल्याला माहीत असतं आणि दार उघडणाऱ्याला नसतं. तेव्हा खरा घाम फुटतो. उलट समर्थ हा नायक असलेल्या त्यांच्या गोष्टींत मला भीती वाटेनाशी होते. समर्थ आले की सगळं निभावणार, हे पहिल्याच वाचनात कळून चुकतं.

कोरडवाहू
'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून (1975) घेतलेली आहे, हेही सांगा की. उसन्या भीतीचं किती कौतुक करायचं?

मूळ मुद्द्याबद्दल. घाटमाथा, 'मृत्युंजय' तुम्हाला परत वाचायला लावते ती कादंबरी की आधीपासूनची भक्ती? कर्णाबद्दलचं रडू आपल्याकडे लहानपणापासून तयारच असतं. 'स्वामी'चं (1962) तेच. माधवरावांचा क्षय, थेऊर, रमाबाईंचं सती जाणं, हे सगळं वाचकाच्या मनात आधीच भरलेलं. लेखकानं फक्त तोटी सोडायची. भालचंद्र नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या तीन वाटा सांगितल्या: 'यमुनापर्यटन' (1857) वास्तवाची, 'मुक्तामाला' (1861) रंजनाची, 'मोचनगड' (1871) इतिहासाची. पहिल्या वाटेवर बाबा पदमनजींनी विधवांचे हाल मांडले, आणि गर्दी मात्र आजही उरलेल्या दोन वाटांवर. तुमची कसोटी त्या गर्दीलाच पदक देते.

रातराणी
उसनी असेल. मला मराठीतच भीती वाटली.

घाटमाथा
भक्तीचा मुद्दा बिनतोड वाटतो, पण 'ययाति'पाशी (1959) अडतो. ययातीची कोण भक्ती करतं? महाभारतात तो पुरूचं तारुण्य हजार वर्षं भोगतो. खांडेकरांनी ती हजार वर्षं काढूनच टाकली. म्हणजे कथा माहीत असलेल्या वाचकालाच तिथे धक्का बसतो. भाषा आज अलंकारांनी जड झालेली वाटते, सुभाषितं मी सरळ उडी मारून ओलांडतो. पण देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू सांगू लागल्या की थांबतो.

आणि कोरडवाहू, तुमच्या नेमाड्यांचीच 'कोसला' (1963) तुम्ही किती वेळा वाचली असेल ते मी विचारत नाही. पहिल्यांदा पांडुरंग सांगवीकरचं वसतिगृह वाचून पोट धरून हसतो आपण. पुढे त्याच्या धाकट्या बहिणीचं, मनीचं मरण आहे हे कळल्यावर त्याच पानांवर तसं हसता येतं का?

कोरडवाहू
नाही येत. पण तिथे कमावलंय ते नेमाड्यांनी, पुराणातून आयतं आलेलं नाही.

तारांगण
सगळे बोलले, विज्ञान कादंबरीचं नाव कुणी घेतलं नाही. नेहमीचंच! जयंत विष्णू नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती, आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांनी नाव न बघता वाचावं म्हणून. आपण निदान प्रकार न बघता वाचू.

त्यांच्या 'वामन परत न आला'मधली माणसं सपाट आहेत, मान्य. पण प्राचीन संस्कृतीनं जमिनीत पुरून ठेवलेल्या ज्ञानातून यंत्रमानव घडवायचा, ही गोष्ट शाळेत साहस म्हणून वाचली होती. आता रोज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बातम्या वाचताना तीच पानं वेगळी लागतात. म्हणजे दुसरं वाचन चांगलं होण्याचं श्रेय लेखकाचं की मधल्या वर्षांचं? घाटमाथांची कसोटी हे सांगतच नाही.

सागरवेळा
मी उलटं उदाहरण देते. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (1939). युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, त्यांत हॅर्टा, आणि तिच्यात गुंतत जाणारा चक्रधर. मुंबई येते, हा उतरतो, ती पुढे जाते. छोटंसं पुस्तक, एका बैठकीत होतं. ती समुद्रात जीव देणार हे आता मला माहीत आहे, आणि म्हणूनच ते पुस्तक पुन्हा उघडवत नाही. दोनदा घेतलं, बोटीवरच्या पहिल्या भेटीगाठी वाचून ठेवून दिलं. माझ्या मते मराठीत त्याच्या तोडीच्या कादंबऱ्या फार नाहीत. तुमच्या कसोटीला ती नापास.

झुंजारमामा
घ्या! घाटमाथा, आता बोला.