दुकानातल्या 'आमची निवड' चिठ्ठ्या: वाचकाच्या कामाच्या की नुसती सजावट?

टिळकवाडीकर

पुस्तकांच्या दुकानात काम करणाऱ्यांनी आपल्याला आवडलेली पुस्तकं वेगळ्या फळीवर मांडायची आणि प्रत्येकाखाली दोन-चार ओळींची चिठ्ठी लावायची, ही पद्धत मोठ्या शहरांत रुळलेली आहे. बेळगाव, निपाणी, खानापूरच्या मराठी दुकानांत ती आणावी का, एवढाच धाग्याचा विषय.

माझं मत: आणावी. पण 'अप्रतिम', 'संग्राह्य', 'एकदा वाचाच' असलं लिहिणार असाल तर नको, त्यातून गिऱ्हाइकाला काडीचं कळत नाही. पुस्तकात काय आहे, कुणी घ्यावं आणि कुणी घेऊ नये, हे हवं. शेवटचं तर हवंच, आणि नेमकं तेच कुणी लिहीत नाही.

नमुना देतो. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'खाली असं लिहिता येईल: 'लंपन नावाचा शाळकरी मुलगा, आजी-आजोबांचं घर, सीमाभागातलं गाव. कानडी शब्द जागोजागी. बेळगावकराला अडणार नाहीत. वेगवान घटना हव्या असतील तर हे घेऊ नका. आवडलं तर पुढे शारदा संगीत, पंखा, झुंबर, याच क्रमाने.' चाळीस शब्दही होत नाहीत. घेणाऱ्याला दोन मिनिटांत ठरवता येतं.

गल्ल्यामागे

लिहायला सोपं आहे हो. आता हिशोब बघा.

३०० रुपयांचं पुस्तक. प्रकाशकाकडून ३० टक्के सूट धरा, म्हणजे दुकानाला २१० ला पडतं. चिठ्ठी लावायची तर एक प्रत ठेवून चालत नाही, पाच तरी हव्यात. १,०५० रुपये अडकले. गिऱ्हाइकाला १० टक्के सोडल्याशिवाय पुस्तक हलत नाही, म्हणजे हातात २७०. तीन विकल्या तर ८१०. चौथी गेली की मुद्दल सुटलं, आणि त्यात पुण्याहून आलेल्या पार्सलाचं भाडं धरलेलंच नाही. पाचवी प्रत म्हणजे काय तो नफा. कथासंग्रहाच्या पाच प्रती इथे किती महिन्यांत जातात, ते दुकानदारालाच विचारा.

परतीच्या बोलीवर घ्या म्हणाल, तर सूट कमी होते. शिवाय परत जाणारी प्रत कोरी लागते. मुखपृष्ठावर सेलोटेपने चिठ्ठी डकवली आणि ती काढताना लॅमिनेशन उचकटलं, की प्रकाशक ती प्रत परत घेत नाही.

आणखी एक. पुस्तक कण्याने उभं ठेवलं तर जेमतेम इंचभर जागा खातं, तोंड पुढे करून ठेवलं तर पाच-सहा इंच. एका शिफारशीसाठी चार-पाच पुस्तकं फळीवरून उतरवावी लागतात. उतरवायची कुठली, तेही सांगा.

टिळकवाडीकर

नवीन पाच प्रती मागवा असं कुठे म्हटलंय? चिठ्ठी आधी पडून असलेल्या मालावर लावायची. प्रत्येक दुकानात वर्षानुवर्षं न हललेली चांगली पुस्तकं असतातच. दोन-तीन प्रती शिल्लक आहेत अशांपैकी सहा निवडा. अडकलेला पैसा मोकळा होतो, नवा अडकत नाही.

आणि चिठ्ठी पुस्तकाला डकवायचीच नाही. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या, वरचा तिसरा भाग मागे दुमडा आणि तो पुस्तकाच्या बुडाखाली सरकवा. वजनाने धरून राहतो. टेप नको, पिन नको.

चंदगडी

मी विरोधात. खरं कारण वेगळं आहे.

बहुतेक दुकानांत 'आमची निवड' म्हणजे तीच यादी निघते: स्वामी, श्रीमान योगी, मृत्युंजय, पानिपत. यांना चिठ्ठी कशाला? रणजित देसाई आमच्या कोवाडचे. 'स्वामी' १९६२ साली आली, तेव्हापासून चिठ्ठीविनाच खपतेय की. घरात लग्न असलं, मुलगा दहावी पास झाला, की लोक थेट नाव घेऊनच दुकानात येतात. शिफारशीची फळी अशा पुस्तकांनी भरणार असेल तर ती जागा फुकट.

दुसरं, प्रकाशकाने एखाद्या नव्या पुस्तकावर ४० टक्के सूट दिली की तेच अचानक सगळ्यांचं 'आवडतं' होतं. गिऱ्हाइकाला कसं कळणार आवड कुठली आणि स्कीम कुठली?

लायब्ररीवाली

चंदगडी, शेवटच्या मुद्द्यावर सोपा उपाय आहे. चिठ्ठीखाली 'दुकान' असं लिहायचं नाही, ज्याने वाचलं त्याचं नाव आणि महिना लिहायचा. मग गिऱ्हाईक त्या माणसालाच विचारतं, 'शेवट कसा वाटला?' न वाचता लिहिलं असेल तर तिथेच उघडं पडतं. स्कीमच्या पुस्तकांना वेगळं टेबल द्या, वर सरळ 'सवलतीत' लिहा. दोन्ही एका फळीवर आले की दोन्हींचा विश्वास जातो.

माझा मुद्दा क्रमाचा आहे. चुकीच्या शिफारशीने वाचक तुटतो, आणि त्याचं ठळक उदाहरण म्हणजे आपले जी. ए. कुलकर्णी. जन्म बेळगाव जिल्ह्यातला, नोकरी धारवाडला, म्हणून इथे प्रत्येक जण अभिमानाने त्यांचं नाव पुढे करतो. आणि नवख्याच्या हातात देतो काय, तर 'रमलखुणा' किंवा 'काजळमाया'. 'रमलखुणा'त दोनच दीर्घकथा आहेत, 'प्रवासी' आणि 'इस्किलार', दोन्ही रूपकाच्या अंगाने जाणाऱ्या. जी.एं.ची वाट माहीत नसलेला वाचक वीस पानांत थांबतो आणि 'आपल्याला झेपत नाही' म्हणून लेखकच सोडून देतो. सुरुवात 'निळासावळा', 'पारवा' किंवा 'हिरवे रावे'पासून करावी. १९५९ ते १९६२ मधले हे संग्रह. माणसं घरगुती, दुःख ओळखीचं, गोष्ट धरून चालता येते. ते पचलं की 'काजळमाया', आणि 'रमलखुणा' सगळ्यात शेवटी.

हे चाळीस शब्दांच्या चिठ्ठीत मावतं. पुस्तकाच्या मलपृष्ठावर मात्र ते कधीच छापलेलं नसतं, कारण तिथे प्रत्येक पुस्तक श्रेष्ठच असतं.

गल्ल्यामागे

ताई, मान्य. पण हे सांगायला जी.एं.चे पाच संग्रह वाचलेला माणूस गल्ल्याशी पाहिजे. छोट्या दुकानात माणसं दोन, त्यातला एक पार्सल सोडतो, दुसरा बिलं करतो. आणि आपल्याकडची बहुतेक दुकानं चालतात वह्या, गाईड आणि शालेय पुस्तकांवर. मे अखेरीला कर्नाटकच्या शाळांची गर्दी सुरू होते. ती ओसरते न ओसरते तोवर जूनच्या मध्यात महाराष्ट्रातल्या शाळा उघडतात, की चंदगडकडची गिऱ्हाइकं येतात. त्या दीड-दोन महिन्यांत 'निळासावळा' कुठे आहे हे विचारायचीही सोय नसते.

लायब्ररीवाली

मग त्या महिन्यांत फळी ठेवूच नका. दिवाळी अंकांचा भर ओसरला की, म्हणजे नोव्हेंबर अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत, ठेवा. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी इथली साहित्य संमेलनं याच दिवसांत असतात, आणि तिथे पुस्तकांचे स्टॉल लागतात. स्टॉलवर माणूस उभ्या-उभ्या पाच मिनिटं देतो. तिथे दुकानापेक्षा चिठ्ठी जास्त उपयोगी पडते, कारण विक्रेत्याभोवती दहा जणांचा गराडा असतो.

वडगावकर

सगळे इथे मुरलेल्या वाचकांबद्दल बोलताहेत. सीमाभागातलं खरं गिऱ्हाईक वेगळं आहे: घरी मराठी बोलणारा, शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात झालेला पंचविशीच्या आतला मुलगा किंवा मुलगी. कळतं सगळं, पण देवनागरी वाचायचा वेग कमी. जोडाक्षरं आली की अडखळतात. अशाला 'मृत्युंजय' दिलंत तर ते आयुष्यभर कपाटात शोभेला राहतं.

त्यांच्यासाठी निवडीचे नियमच निराळे हवेत. पानं दीडशेच्या आसपास. टाइप मोठा, ओळींमध्ये मोकळी जागा. सुट्या गोष्टी असतील तर उत्तम, एका बैठकीत एक संपते आणि संपवल्याचं समाधान मिळतं. इंजिनिअरिंगची मुलं असतील, आणि बेळगावात ती भरपूर आहेत, तर जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' द्या. विज्ञानकथा आहेत, मराठी स्वच्छ आहे, आणि कल्पना ओळखीच्या असल्याने भाषेचा अडसर कमी जाणवतो. गावाकडची ओढ असेल तर माडगूळकरांची 'बनगरवाडी'. लहान कादंबरी, वाक्यं आखूड. तिथेही बजावून लिहा: माणदेशी बोली आहे, पहिली दहा पानं सावकाश घ्या, मग कान बसतो.

कन्नड नीट वाचता येणाऱ्याला कन्नड कादंबरीकार भैरप्पांचं मराठी भाषांतर देऊ नका, मूळच वाचायला सांगा. उमा कुलकर्णींनी केलेली 'वंशवृक्ष', 'पर्व' ही भाषांतरं कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही अशांसाठी सोन्यासारखी आहेत, आणि असे लोक शहापूर-वडगावात गल्लोगल्ली सापडतील. गिऱ्हाइकाला आधी एकच प्रश्न विचारायचा: कुठल्या माध्यमात शिकलात? चिठ्ठीला हा प्रश्न विचारता येत नाही. म्हणून माझं मत अर्धं चंदगडींच्या बाजूचं. चिठ्ठीपेक्षा तोंडी शिफारस बरी.

टिळकवाडीकर

विचारता येत नाही, पण लिहिता येतं की. 'मराठी सावकाश वाचणाऱ्यांसाठी' असा एक कप्पाच करा. गल्ल्याशी जाऊन 'मला नीट वाचता येत नाही' हे मोठ्याने सांगायला पोरं लाजतात. चिठ्ठीपुढे लाजायचं कारण नाही.

चंदगडी

हा कप्पा मात्र पटला. फक्त त्यावर 'सोपी पुस्तकं' असं लिहू नका, कुणी हात लावणार नाही. 'एका बैठकीत एक गोष्ट' लिहा.

लायब्ररीवाली

दोन विभाग राहिले. कवितेला चिठ्ठीत अख्खी कविता उतरवू नका, हक्काचा प्रश्न येतो. पान क्रमांक द्या. इंदिरा संत बेळगावच्या. 'गर्भरेशीम'ला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, हे लिहून खप वाढत नाही. 'अमुक पान उघडा, उभ्यानेच वाचा' लिहिलं तर माणूस उघडतो. त्यासाठी एक प्रत प्लास्टिकमधून बाहेर काढून ठेवावी लागते. सीलबंद पुस्तकाखाली शिफारस लावणं म्हणजे हलवायाने मिठाई काचेआड ठेवून चव विचारणं.

मुलांच्या पुस्तकांत वय लिहू नका, वाचनाची पायरी लिहा. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर'सारखी चित्रपुस्तकं पाच वर्षांचं मूल ऐकतं, आणि कन्नड माध्यमातलं नऊ वर्षांचं मूल स्वतः वाचतं. वय छापलं की नऊ वर्षांच्याचे आई-बाप ते परत फळीवर ठेवतात.

गल्ल्यामागे

बरं, करून बघायचं तर कामाच्या गोष्टी तरी नीट लिहून ठेवा. सहा चिठ्ठ्या, जास्त नाही. जेल पेनने लिहू नका. जूनपासून इथली हवा अशी दमट असते की कागद फुगतो आणि शाई पसरते, बॉलपेनच चालतं. फळी बाहेरच्या भिंतीला नको, ओल धरते आणि बुरशीचा पहिला डाग तोंड पुढे केलेल्या पुस्तकालाच पडतो. दर शनिवारी प्रती मोजा. शेवटची प्रत गेली की त्याच दिवशी चिठ्ठी काढा. पुस्तक नाही आणि चिठ्ठी आहे, असं दिसलं की माणूस मागवायला सांगतो, आगाऊ देत नाही, आणि पुस्तक आल्यावर फोन उचलत नाही.

वडगावकर

आगाऊ घेत का नाही मग? निम्मे पैसे घ्या, पावती द्या.

गल्ल्यामागे

ओळखीच्या माणसाकडे आगाऊ मागून बघा बेळगावात, मग बोलू.