नावडतीचा पहिला मुलगा आणि वडिलांची आवड

प्रश्न
बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात (वचने १५ ते १७) आज्ञा आहे की, दोन बायकांपैकी नावडतीच्या पोटी पहिला मुलगा झाला असेल, तर वारसा वाटताना बापाने आवडतीच्या मुलाला ज्येष्ठपण देऊ नये. दुप्पट वाटा नावडतीच्या मुलाचाच. याकोबाने मात्र नावडत्या लेआच्या पहिल्या मुलाला, रऊबेनला, डावलून आवडत्या राहेलच्या योसेफाला तो मान दिला. जाणकारांनी या दोहोंचा मेळ कसा घालावा ते कृपया सांगावे.

प्रतिसाद १
आज्ञेत नावडतीसाठी वापरलेला ‘सनुआ’ हा हिब्रू शब्द उत्पत्ती २९:३१ मध्ये लेआसाठीच आला आहे, आणि मरणशय्येवर याकोब रऊबेनला ‘माझ्या सामर्थ्याचा प्रथमारंभ’ म्हणतो, तेही शब्द आज्ञेत आहेत. त्यामुळे ही आज्ञा याकोबाच्या घराकडे पाहूनच घातली गेली असावी, असे मला वाटते. त्या घरात बापाने योसेफाला दिलेल्या एका झग्यापायी भावांना योसेफाशी सलोख्याने बोलणे जमेना आणि पुढे त्यांनी त्याला चांदीच्या २० नाण्यांना विकले. बापाच्या पक्षपाताची झळ मुलांनी सोसली.

प्रतिसाद २
रऊबेनचे ज्येष्ठपण केवळ वडिलांच्या लहरीने गेले नाही, हेही नोंदवायला हवे. पहिला इतिहास ५:१ नुसार, वडिलांची उपपत्नी बिल्हा हिच्याशी त्याने संबंध ठेवल्यामुळे ते काढून घेण्यात आले, म्हणजे वडिलांचा मान राखला नाही म्हणून. योसेफाचा दुप्पट वाटा त्याच्या एफ्राईम आणि मनश्शे या मुलांना याकोबाने आपले मुलगे मानले, त्यातून आला. तरीही लेआचेच शिमोन, लेवी आणि यहूदा असताना तो हक्क राहेलच्या मुलाकडे जावा, यात जुनी आवड दिसते, आणि ती मला खटकते.

प्रतिसाद ३
याच मनश्शेच्या वंशातल्या सलाफहादाला मुलगा नव्हता. त्याच्या महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाच मुली मोशे, याजक आणि सर्व मंडळीसमोर उभ्या राहिल्या आणि केवळ मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचे नाव कुळातून का पुसले जावे, असे त्यांनी विचारले (गणना २७). त्यांनी स्वतःचा वाटा मागितला तो बापाच्या नावासाठी, आणि देवाने त्यांचे म्हणणे योग्य ठरवले. ‘आपल्या आईबापाचा मान राख’ या आज्ञेतल्या हिब्रू क्रियापदाचा धातू वजनाचा आहे. एखाद्याच्या शब्दाला वजन देणे, हे आपणही म्हणतोच. या मुलींनी मेलेल्या बापाच्या नावाला वजन दिले. मात्र ३६व्या अध्यायात त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावे अशी अट आली, आणि त्यांनी चुलत भावांशी लग्ने केली. ही अट जमीन वंशाबाहेर जाऊ नये म्हणून होती, हे मान्य करूनही मला ती त्यांच्यावर घातलेले बंधनच वाटते.