रोलर, पाऊस आणि एटीकेटी : तुमचे अनुभव

घाटमाथा
गणपतीचं मखर काढायला आज माळ्यावर चढलो, तर मखराच्या आधी रोलर हाताला लागले, खोलीतच जागच्या जागी सायकल चालवायचे. लोखंडी चौकट, तीन नळकांडी, आणि पुढचं नळकांडं मागच्याला जोडणारा रबरी पट्टा तुटून लोंबतोय. लेक खालून म्हणाली, "बाबा, पापड लाटायचं मशीन आहे का हे?"

९६ साली सांगलीहून इंजिनिअरिंगला पुण्यात आलो तेव्हा एका हातात ट्रंक होती आणि दुसऱ्या हातात हे. आमच्या सायकल शर्यती थंडीतल्या. त्यामुळे पाऊस म्हणजे ऑफ सीझन, आणि घरच्यांच्या हिशेबाने ऑफ सीझन म्हणजे अभ्यास! पण दमाचा पाया भरायचा, म्हणजे संथ आणि लांब सायकल मारायची, ती जून ते सप्टेंबरमध्येच. कॉलेजही जूनमध्येच सुरू. पाया भरून झाला, आता जोर लावायचा, की सेमिस्टर परीक्षा दारात.

बालेवाडीचा सायकल ट्रॅक तेव्हा नवाकोराच होता, ९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेला. पण ट्रॅकच्या ओल्या, तिरप्या उतारावर ट्रॅकची बिनब्रेकची सायकल कोण घालणार? म्हणून खोलीत रोलर. भिंतीवर डोळ्यांसमोर सूत्रांचा तक्ता चिकटवला होता. एम बाय आय बरोबर सिग्मा बाय वाय बरोबर ई बाय आर. वरच्या ओळी छान पाठ झाल्या. सगळ्यात खालची वाचायला मान वाकवली आणि पुढचं चाक नळकांड्यावरून उतरलं. लोकांना वाटतं सायकल भिंत फोडून जाते. तसं काही होत नाही, माणूस नुसता आडवा होतो. मी आडवा झालो तो रूममेटच्या ड्रॉइंग बोर्डावर. दोन दिवसांची शीट, त्यावर माझ्या चेनचं काळं ग्रीस. रात्रभर बसून त्याची शीट मी काढून दिली, माझं सबमिशन राहिलं. एम-थ्रीची, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरची, एटीकेटी वेगळीच.

असं कुणीकुणी केलंय? लिहा. सायकलच पाहिजे असं नाही.

चकलीताई
पापड लाटायचं मशीन 😂😂 कुकर लावलाय, निवांत येऊन लिहिते

तिसरा_गिअर
आम्हाला सर सांगायचे, ऑफ सीझनला वेग एवढाच ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. धाप लागली तर चुकताय. मी आणि मित्र दोघं बीकॉमला. खडकवासल्यापर्यंत तो प्रश्न विचारणार, मी उत्तर देणार, येताना उलट. मागणीचा नियम एका दमात म्हणता आला तर वेग बरोबर. 'इतर परिस्थिती कायम असताना'लाच दम तुटला तर हळू. टीवायला अर्थशास्त्रात ६८ पडले, सगळे सिंहगड रोडवरचे. अकाउंट्स मात्र सायकलवर होत नाही. कागद लागतो.

पावशेर
सिंहगड म्हटल्यावर कांदाभजी आणि मडक्यातलं दही. बास. बाकी मला सायकलमधलं काही कळत नाही.

तिसरा_गिअर
@पावशेर आम्ही पायथ्यावरून परत फिरायचो हो. डाएट!! नुसता वास.

सांगलीचा_वारा
घाटमाथा दादा, सांगलीत कुठं? आमच्याकडं गल्लीत एक तरी रेसर असायचाच. माझा मामा मुंबई-पुणे शर्यतीत तीनदा उतरला. बोरघाट म्हटलं की अजून खुर्चीत सावरून बसतोय. घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी निम्मी मंडळी गळायची म्हणं. 'घाटाचा राजा' (घाट पहिला चढणाऱ्याचा किताब) काय झाला नाही, पण बारावीला तीनदा बसला तेवढं खरं. आजी म्हणायची, दोन्हीकडं तिनाचाच पाढा.

घाटमाथा
@सांगलीचा_वारा विश्रामबागेत रे भावा. मामांना नमस्कार सांग.

नाशिककरीण
मुलींचं थोडं वेगळं असतं म्हणून लिहिते. पहाटे साडेचारला निघायचं तर आई स्कूटीवर मागे. तिची शाळेची नोकरी, त्यामुळे सातच्या आत घरात. म्हणजे मला झोप किती ते मोजा. सर उठल्याउठल्या अंथरुणातच नाडी मोजून वहीत लिहायला लावायचे. एरवी ५०-५२. सबमिशनच्या आठवड्यात सलग तीन दिवस ६३. वही बघून सर म्हणाले, थकवा उतरलेला नाही, सायकल चार दिवस कुलपात. मी रडले. मला वाटायचं अभ्यासाचा थकवा डोक्याला, सायकलचा पायाला, दोन खाती वेगळी. शरीराचं खातं एकच निघालं.

हजेरीचं तर बोलूच नका. शिबिराचं पत्र दिलेलं, तरी कॉलेजने कमी हजेरीच्या यादीत नाव लावलं. आणि मेडल आल्यावर फोटोला बोलावलं.

चकलीताई
@नाशिककरीण तुमच्या आईला माझ्याकडून एक कडक सॅल्यूट. पावसातसुद्धा यायच्या?

नाशिककरीण
हो, रेनकोट घालून. हेडलाइटचा उजेड माझ्या पुढे पाडायची, खड्डे दिसावेत म्हणून.

दूरदेशी
इकडे मिशिगनमध्ये उलटं. कॉलेजच्या रोड शर्यती वसंतात, म्हणजे ऑफ सीझन पूर्ण बर्फाचा. तळघरात ट्रेनरच्या स्टँडवर अडकवलेली सायकल, समोर लॅपटॉपवर लेक्चर दीडपट वेगाने. प्रोफेसर जोरात बोलले की माझेही पाय जोरात. सीझन संपायला येतो तेव्हाच फायनल्स. आईचा फोन यायचा, "घाम कसला पुसतोयस, बाहेर तर उणे बारा आहे ना?"

मधलीबेंच
होस्टेलवर पायांचे केस काढताना पकडला गेलेला मी एकटाच का? रेक्टरना समजावतोय, सर, पडलं की जखम साफ करायला सोपं जातं. ते म्हणाले, मग पडू नकोस.

पावशेर
😂😂 रेक्टर बरोबर आहेत

चकलीताई
आले. माझा अनुभव नाही, लेकाचा आहे. बूट ओले, उद्या परत तेच घालायचे. रद्दी कोंबून ठेवते, तरी वास. काय करावं?

मधलीबेंच
रद्दी दर दोन तासांनी बदला, आतलं सोल बाहेर काढून फ्रिजच्या मागे ठेवा. उन्हात किंवा हीटरसमोर नको, गोंद सुटतो.

तिसरा_गिअर
@घाटमाथा रोलर देणार का? पुतण्या मागे लागलाय.

घाटमाथा
देणार नाही 😀 पट्टा कुठे मिळेल ते सांगा.

सांगलीचा_वारा
शिलाई मशीनच्या दुकानात बघा. मामा तिथलाच चामडी पट्टा मापानं कापून, पिन मारून लावायचा.

घाटमाथा
मिळाला! बसवला पण. चाळिशी ओलांडलेला माणूस दाराची चौकट धरून साडेचार मिनिटं टिकला. शेवटी हात सोडला तर खालच्या मजल्यावरून फोन, गिरणी कुणी लावली म्हणून. मखर अजून माळ्यावरच आहे, लेक रुसून बसलीय. जातो.